खाडीकाठची खिडकी

कामोठे, खांदा कॉलनी किंवा नवीन पनवेलमधल्या एखाद्या आठ-दहा वर्षं जुन्या इमारतीत सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक नीट पाहिला, तर कोपऱ्यात पांढरी भुकटी साचलेली दिसते. धूळ समजून ती पुसली की खाली टाचणीच्या टोकाएवढे बारीक खड्डे सापडतात. त्याच खिडकीची वरची, पावसात भिजणारी बाजू मात्र बहुतेक वेळा स्वच्छ असते. सेक्शन एकाच लॉटमधला आणि बसवलाही एकाच दिवशी, तरी ही तऱ्हा. ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंजच आहे.

पनवेलची हवा या धातूची कसोटी पाहणारी आहे. ठाण्याच्या खाडीचा एक फाटा शहराच्या अंगाशी येतो, आणि भरती-ओहोटीच्या चिखलावरून येणारा वारा मिठाचे अदृश्य कण घेऊन येतो. उत्तरेला तळोजा औद्योगिक वसाहत आहे, तिथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. वर रायगडातला ३००० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, आणि त्यामुळे चार महिने न हटणारी ओल. मीठ, आम्लधर्मी वायू आणि ओल हे त्रिकूट एकत्र आलं की कुठल्याही धातूला सुख लागत नाही. आणि याच पट्ट्यात आज ॲल्युमिनियमचा नुसता पूर आहे. २०१६ च्या ऑक्टोबरात पनवेलची महानगरपालिका झाली, २०२५ च्या ऑक्टोबरात उलव्याजवळ नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि या काळात उभ्या राहिलेल्या जवळजवळ प्रत्येक इमारतीच्या खिडक्या, गॅलऱ्यांचे कठडे, दुकानांचे दर्शनी भाग याच धातूचे आहेत. खुद्द तळोज्यात हिंडाल्कोचा ॲल्युमिनियमचे पत्रे लाटणारा कारखाना आहे. त्यामुळे या धातूच्या पृष्ठभागाचं रक्षण कसं होतं, हे पनवेलकरांनी समजून घेण्यासारखं आहे. ही माहिती फॅब्रिकेटरकडेच राहिली, की खिडक्या बदलण्याचा खर्च मात्र घरमालकाकडे येतो.

आधी मुळाशी जाऊ. ॲल्युमिनियम हा अतिशय चपळ, रासायनिकदृष्ट्या अस्वस्थ धातू आहे. ऑक्सिजन दिसला की तो क्षणात त्याला पकडतो. ताजा कापलेला ॲल्युमिनियमचा काठ हवेत आल्याबरोबर त्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि काही नॅनोमीटर जाडीवर थांबतो. लोखंडाचं याच्या उलट आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात उघड्यावर पडलेल्या सळ्या पाहा: त्यांचा गंज फुगतो, सुटतो, आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं पाडतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड धातूला घट्ट धरून बसतो, आणि ओरखडा पडला तर पुन्हा तयार होतो. माणिक आणि नीलम ही रत्नं म्हणजे याच ऑक्साइडचे स्फटिक आहेत, एवढं सांगितलं तरी त्याच्या टिकाऊपणाची कल्पना यावी.

पण या पापुद्र्याला दोन शत्रू आहेत. पहिला म्हणजे टोकाची आम्लता किंवा टोकाची क्षारता. सामू साधारण ४ ते ८.५ च्या दरम्यान असेल तोवर तो शाबूत राहतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे विरघळू लागतो. दुसरा शत्रू मिठातला क्लोराइड. क्लोराइडचा कण पापुद्र्यातली एखादी कमकुवत जागा गाठतो, तिथे सूक्ष्म खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्यात विरघळलेलं ॲल्युमिनियम पाण्याशी संयोग पावून आम्ल तयार करतं. म्हणजे खड्डा स्वतःच स्वतःला खोदत जातो. बाहेर येते ती पांढरी भुकटी, ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची. वरून पाहणाऱ्याला डाग दिसतो, पण नुकसान खोलीत झालेलं असतं.

यावरचा पहिला मोठा उपाय समुद्रावरूनच आला. १९२३ साली ब्रिटनमध्ये बेंगॉ आणि स्टुअर्ट या दोघांनी पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचवण्यासाठी क्रोमिक आम्लात विजेच्या साहाय्याने त्यांच्यावर जाड ऑक्साइड वाढवण्याची रीत काढली. चार वर्षांनी, १९२७ मध्ये, गॉवर आणि ओब्रायन यांनी क्रोमिक आम्लाऐवजी स्वस्त गंधकाम्ल वापरलं. आज खिडक्यांच्या सेक्शनवर जे ॲनोडायझिंग होतं, ते मूळ याच १९२७ च्या रीतीचं आहे.

त्यातलं मर्म लक्षात घ्यायला हवं. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तेव्हा वर कथलाचा, म्हणजे दुसऱ्याच धातूचा, थर बसतो. ॲनोडायझिंगमध्ये वरून काहीच बसवत नाहीत. धातूचाच पृष्ठभाग ऑक्साइडमध्ये बदलतो, निसर्गाने काही नॅनोमीटरवर थांबवलेलं काम वीज पुढे नेते. २५ मायक्रॉनचा थर चढवला तर त्यातला सुमारे दोन तृतीयांश मूळ धातूच्या आत गेलेला असतो आणि एक तृतीयांश बाहेर वाढलेला. म्हणूनच चांगलं ॲनोडायझिंग सोलून निघत नाही.

कारखान्यात हे काम टाक्यांच्या रांगेत चालतं. बारा-चौदा फुटी सेक्शन जिगला, म्हणजे टांगण्याच्या धातूच्या चौकटीला, घट्ट बांधतात, कारण वीज जिगमधूनच जाते आणि पकड ढिली असेल तर त्या जागी थर चढत नाही. पहिल्या टाकीत तेल-ग्रीस निघतं. दुसरीत कॉस्टिक सोडा असतो. तिथे वरचा धातू थोडा खाल्ला जाऊन पृष्ठभाग एकसारखा मॅट होतो आणि वर काळपट साय येते. ती नायट्रिक आम्लात निघते. मग मुख्य टाकी: १५ ते २० टक्के गंधकाम्ल, बारा ते अठरा व्होल्टचा एकदिश प्रवाह, आणि तापमान १८ ते २१ अंश.

या तापमानाकडे बारकाईने पाहायला हवं. टाकीत एकाच वेळी दोन गोष्टी चालू असतात: वीज ऑक्साइड वाढवत असते आणि आम्ल तो थोडाथोडा विरघळवत असते. या झटापटीतूनच थरात छिद्रं तयार होतात, षटकोनी कप्प्यांच्या मधोमध सरळ खाली जाणारी, दहा-वीस नॅनोमीटर व्यासाची. आम्ल थंड असेल तर वाढ जिंकते आणि थर घट्ट होतो. आम्ल तापलं तर विरघळणं वरचढ होतं, छिद्रं रुंदावतात, आणि थर मऊ, खडूसारखा होतो. आता पनवेलच्या मे महिन्यातल्या उकाड्याचा विचार करा, त्यात हजारो अँपिअरचा प्रवाह स्वतःच आम्ल तापवतो. चांगला चिलर नसेल तर टाकी पाहता पाहता पंचविशीच्या पुढे जाते. चिलरचं वीजबिल मोठं असतं, आणि नेमकं तिथेच काटकसर होते. बाहेर पडलेला सेक्शन पहिल्या दिवशी चांगल्या सेक्शनइतकाच चकचकीत दिसतो.

रंगही या छिद्रांतच भरतात. सेंद्रिय रंगांत बुडवलेला सेक्शन सुंदर दिसतो, पण त्यातले बरेच रंग उन्हात फिके होतात. बाहेरच्या कामाला ब्राँझ किंवा काळा हवा असेल तर दुसऱ्या टाकीत विजेने कथलाचे कण छिद्रांच्या तळाशी बसवण्याची रीत बरी. तो रंग उन्हाला दाद देत नाही.

आणि मग येतं सिलिंग. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं हे सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित काम आहे. छिद्रं उघडी राहिली तर मीठ त्यांतून थेट तळापर्यंत जाऊ शकतं. उकळीच्या जवळच्या शुद्ध पाण्यात सेक्शन ठेवला की ऑक्साइड पाणी शोषतो, फुगतो, आणि छिद्रांची तोंडं बंद होतात. नियम असा की दर मायक्रॉनमागे सुमारे तीन मिनिटं. २५ मायक्रॉनचा थर चढवायला तासभर लागतो आणि तो बंद करायला सव्वा तास. एवढा वेळ गरम पाण्याची टाकी अडवून ठेवायची म्हणजे इंधन आणि दिवसाचं उत्पादन दोन्ही जातं. पाणीही बोअरचं किंवा टँकरचं चालत नाही. त्यातली सिलिका आणि फॉस्फेट लिटरमागे काही मिलिग्रॅम असली तरी सिलिंग अडवतात. निकेल फ्लोराइडचं थंड सिलिंग हा पर्याय आहे, तो लवकर होतो, पण त्याचंही प्रमाण, तापमान आणि नंतरचं मुरणं सांभाळावं लागतं.

सिलिंग झालंय की नाही हे ग्राहकाला कळू शकतं का? ढोबळमानाने कळतं. सेक्शनच्या लपणाऱ्या टोकाला मार्कर पेनने एक रेघ ओढायची, काही मिनिटं वाळू द्यायची आणि स्पिरिटच्या फडक्याने पुसायची. छिद्रं बंद असतील तर शाई साफ निघते. उघडी असतील तर ती आत मुरते आणि रेघेची छाया मागे उरते. प्रयोगशाळेत याच तत्त्वावर, आधी आम्लाचा थेंब आणि मग रंगाचा थेंब टाकून, रीतसर चाचणी होते. मल्टिमीटर असेल तर आणखी एक गोष्ट पाहता येते. ऑक्साइड वीज वाहू देत नाही, त्यामुळे ॲनोडाइज केलेल्या पृष्ठभागावर दोन टोकं हलकेच टेकवली तर काटा हलत नाही. तिथेच ओरखडा काढून टेकवली तर प्रवाह लगेच वाहतो. मिल फिनिशचा, म्हणजे काहीच न केलेला सेक्शन ॲनोडाइज म्हणून खपवला जात असेल, तर तो इथे पकडला जातो.

जाडीसाठी आपल्याकडे आयएस १८६८ हे भारतीय मानक आहे. त्यात एसी १५, एसी २५ असे दर्जे आहेत आणि आकडा थेट सरासरी मायक्रॉनचा. घराच्या आत दहा मायक्रॉनही पुरतात. कोरड्या गावात बाहेरच्या खिडकीला पंधरा ठीक. पण खारी किंवा कारखान्यांची हवा असेल तिथे वीस ते पंचवीस हवेत, आणि पनवेलला दोन्ही हवा आहेत. कोटेशनमध्ये नुसतं 'ॲनोडाइज्ड' लिहिलेलं असतं तेव्हा ते पाच मायक्रॉनही असू शकतं. मायक्रॉन लिहून घ्यावेत आणि माल आल्यावर एडी करंट जाडीमापकाने दोन-चार जागी मोजून घ्यावेत. उपकरण हातात मावतं, मोजणी क्षणात होते.

खिडक्यांपलीकडे यंत्रभागांचं जग आहे. तिथे हार्ड ॲनोडायझिंग चालतं: आम्ल शून्य ते पाच अंशांवर, प्रवाह जास्त, थर २५ ते ५० मायक्रॉन किंवा त्याहून अधिक, रंग करडा-काळपट आणि पृष्ठभाग कानस घासली तरी सहज न उतरणारा. इथे वर्कशॉपवाल्याला हिशेब आधी करावा लागतो. या थराचा निम्मा भाग बाहेर वाढतो. ५० मायक्रॉनचा थर म्हणजे प्रत्येक बाजूला २५ मायक्रॉन वाढ. भोकाचा व्यास ५० मायक्रॉनने घटतो, आणि आट्यांवर तर तिरप्या बाजूंमुळे फरक एका बाजूच्या वाढीच्या चौपट पडतो. ड्रॉइंगमध्ये हे धरलं नाही तर उत्तम बनवलेला भाग जोडणीच्या वेळी बसत नाही. धारदार कोपरेही चालत नाहीत. थर पृष्ठभागाला काटकोनात वाढतो, त्यामुळे टोकाशी दोन बाजूंच्या थरांमध्ये भेग राहते. कोपरा थोडा गोल करावा लागतो. आणि सगळं ॲल्युमिनियम सारखं नसतं. खिडक्यांचा ६०६३ हा मिश्रधातू ॲनोडायझिंगला जणू जन्मतःच तयार असतो. डायकास्टिंगच्या मिश्रधातूंत दहा-बारा टक्के सिलिकॉन असतं, ते ऑक्साइड होत नाही, त्यामुळे थर मळकट आणि कमजोर येतो. अशा भागांना रंग किंवा पावडर बरी.

स्वयंपाकघरातली काळी हार्ड ॲनोडाइज्ड कढई याच तंत्राची आहे. साध्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात चिंचेची आमटी किंवा कोकमाचं सार ठेवलं तर आम्ल धातू खातं. या कढईत जाड ऑक्साइड मध्ये उभा असतो. मात्र सोडा किंवा तीव्र क्षाराची पावडर लावून ती घासू नये. आम्लाला तोंड देणारा हा थर क्षारापुढे टिकत नाही.

हाच क्षार बांधकामावर सर्वांत मोठं नुकसान करतो. ओल्या सिमेंटचा सामू १२-१३ असतो. गिलाव्याचा शिंतोडा ॲनोडाइज केलेल्या चौकटीवर पडून काही तास राहिला तर तिथला थर विरघळतो आणि पांढरट डाग कायमचा बसतो. तो घासून जात नाही. थर उतरवून पुन्हा चढवण्याखेरीज इलाज नाही. म्हणून गिलावा, रंगकाम आटोपल्यावरच खिडक्या बसवाव्यात, किंवा निदान संरक्षक टेप काम संपेपर्यंत ठेवावी. मग येतो फरशी धुण्याचा ॲसिडचा कॅन. हायड्रोक्लोरिक आम्लात आम्लही आहे आणि क्लोराइडही. त्याची वाफसुद्धा ट्रॅकवर बसून काम करते. स्क्रू साध्या लोखंडाचे नसावेत, स्टेनलेसचे असावेत, शक्यतो नायलॉनच्या वॉशरसह. आणि एसीच्या तांब्याच्या पाइपावरून ठिबकणारं पाणी कठड्यावर पडू देऊ नये. त्या पाण्यातून आलेलं तांबं ॲल्युमिनियमवर बसतं आणि तिथे खड्डे पडतात.

चौकट चांगली आणि ट्रॅक खराब असं का होतं, तेही इथेच सांगतो. पनवेलचा पाऊस उघड्या भागावरचं मीठ धुऊन नेतो. छज्ज्याखाली, खाचेत, ट्रॅकच्या कोपऱ्यात पावसाचा मारा पोचत नाही, ओल मात्र पोचते. मीठ साठत जातं आणि भिजत राहतं. त्यात पाणी जाण्याची भोकं धुळीने बुजली की ट्रॅक हे खाऱ्या पाण्याचं कुंडच होतं. साध्या साबणाच्या पाण्याने दर तीन महिन्यांनी धुणं आणि ती भोकं काडीने मोकळी करणं, एवढ्यावर खिडकीचं आयुष्य पुष्कळ वाढतं. पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात हे जास्त गरजेचं आहे.

आता पावडर कोटिंग. आज पनवेलमधल्या नव्या इमारतींत हेच जास्त दिसतं, कारण हवा तो रंग मिळतो आणि सिमेंटच्या शिंतोड्यालाही ते ॲनोडायझिंगपेक्षा चांगलं तोंड देतं. कोरडी पावडर विद्युतभार देऊन फवारतात, ती सेक्शनला चिकटते, आणि २०० अंशांच्या भट्टीत सुमारे दहा मिनिटांत वितळून ६० ते ८० मायक्रॉनची अखंड कातडी होते. बाहेर पॉलिएस्टर पावडरच हवी. इपॉक्सी उन्हात खडूसारखी पांढरी पडते.

पावडरची खरी परीक्षा तिच्या खाली असते. धातूवर आधी रासायनिक थर देऊन तो पावडरला धरून ठेवेल असा करावा लागतो. हे काम कच्चं राहिलं तर कापलेल्या टोकापासून किंवा ड्रिलच्या भोकापासून रंगाखाली बारीक, वळणावळणाचे धागे पसरत जातात. मीठ आणि दमट हवा असेल तिथे हा धाग्यांचा गंज हमखास दिसतो. युरोपातल्या किनाऱ्यांवर त्याने फार नुकसान केल्यावर क्वालिकोट या तिथल्या दर्जासंस्थेने समुद्रकाठासाठी वेगळा नियम केला: पावडरपूर्वी दर चौरस मीटरमागे किमान २ ग्रॅम धातू रसायनाने काढून टाकायचा, म्हणजे एक्स्ट्रूजनमध्ये, सेक्शन साच्यातून दाबून काढताना, विस्कटलेला वरचा स्तर निघून जातो. याहून भक्कम उपाय म्हणजे आधी पाचेक मायक्रॉन ॲनोडायझिंग आणि त्यावर पावडर. खाडीसमोरच्या घराला मी हेच सुचवीन, खर्च जास्त असला तरी. साइटवर कापलेली टोकं आणि भोकंही सीलंटने किंवा रंगाने बंद करावीत. फॅब्रिकेटर हे सहसा मागितल्याशिवाय करत नाही.

पावडरखालच्या या रासायनिक थरासाठी अनेक दशकं क्रोमेट वापरलं गेलं. विमानांतही तेच, पांढऱ्या रंगाखालच्या पिवळ्या-हिरव्या प्राइमरमध्ये क्रोमेट असतं. क्रोमेटइतकं चांगलं काम करणारं रसायन सापडणं कठीण गेलं, कारण ओरखडा पडला तरी ते तिथे सरकून जखम बंद करतं. पण त्यातलं षट्संयुजी क्रोमियम माणसात कर्करोग घडवतं, हे पक्कं सिद्ध आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला खास परवानगी लागते, आणि एअरबसने ॲनोडायझिंगमध्ये क्रोमिक आम्लाच्या जागी टार्टारिक व गंधकाम्लाचं मिश्रण आणलं. पनवेलला हा प्रश्न दूरचा नाही. तळोज्यातलं औद्योगिक सांडपाणी ज्या कासाडी नदीत जातं, तिच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. तिथे नाना उद्योगांचं पाणी येतं, एका धंद्याला दोष देता येणार नाही. तरी ज्या भागात नदीची अशी अवस्था आहे, तिथे खिडकीच्या रंगासाठी क्रोमेटची टाकी चालवू नये असं मला ठामपणे वाटतं.

झिर्कोनियम आणि टायटॅनियमवर आधारलेले पर्याय आता चांगले रुळले आहेत. त्यांची एकच अडचण आहे. क्रोमेटचा थर पिवळा दिसायचा, त्यामुळे कामगाराला नजरेने कळायचं की थर बसला की नाही. नवा थर जवळजवळ रंगहीन आहे. धुण्याचं पाणी खराब झालं, टाकीतलं द्रावण थकलं, तरी डोळ्यांना काहीच दिसत नाही. चाचणी करावीच लागते. क्वालिकोटच्या नियमांत त्यासाठी एक चाचणी आहे आणि तिला लागतो प्रेशर कुकर. पावडर केलेला तुकडा कुकरमध्ये दाबाखाली तासभर ठेवायचा, बाहेर काढून ब्लेडने रंगावर बारीक चौकडी कापायची, वर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढायची. फोड आला किंवा पट्टीबरोबर रंगाचा चौकोन निघाला, तर त्या लॉटचा खालचा थर कच्चा आहे. ऑर्डर देण्यापूर्वी कोटरकडून नमुन्याचा तुकडा मागून घेतला, तर हे घरीही करून पाहता येतं.